हिमउतारावरील पाऊल : स्कीचे बूट, पायमोजे आणि आतला थर

काश्मीर म्हटले की पूर्वी मराठी पर्यटकाच्या डोळ्यांपुढे दाल सरोवरातील शिकारा आणि मोगल उद्याने उभी राहत. अलीकडे हिवाळ्यातील काश्मीरही त्याला साद घालू लागले आहे. बारामुल्ला जिल्ह्यातील गुलमर्ग हे समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटर उंचीवरील पठार त्याचे प्रमुख केंद्र होय. येथे १९२७ साली ब्रिटिश अधिकाऱ्यांनी स्की क्लब ऑफ इंडियाची स्थापना केली. गुलमर्ग ते कोंगडोरी हा रज्जुमार्गाचा पहिला टप्पा १९९८ मध्ये, तर कोंगडोरीहून अफरवात शिखराच्या खांद्यापर्यंत, म्हणजे जवळजवळ ३,९५० मीटर उंचीपर्यंत नेणारा दुसरा टप्पा २००५ मध्ये सुरू झाला. २०२० साली खेलो इंडिया हिवाळी क्रीडास्पर्धा येथे प्रथम भरल्या आणि पायथ्याच्या टंगमर्ग परिसरातील आरिफ खान या तरुणाने २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्कीइंगमध्ये भारताचे प्रतिनिधित्व केले. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या अखत्यारीतील भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्था गुलमर्गमध्ये सर्वसामान्य नागरिकांसाठीही स्कीइंगचे वर्ग चालविते. उत्तराखंडातील औली आणि हिमाचल प्रदेशातील सोलंग येथेही नवशिक्यांना हा खेळ शिकता येतो.

रजा प्रवास सवलतीचा लाभ घेऊन किंवा वर्षभराच्या बचतीतून असा प्रवास आखणारी कुटुंबे महिनोन्‌महिने तयारी करतात. विमानाची तिकिटे, हॉटेल, जाडजूड जाकीट, कानटोपी, काळा चष्मा या साऱ्यांचा विचार होतो. पायमोज्यांचा विचार मात्र प्रवासाच्या आदल्या रात्री होतो आणि तोही ‘दोन-तीन जोड टाकून ठेवू’ एवढाच. प्रत्यक्षात हिमउतारावरचा पहिला दिवस आनंदात जाणार की वेदनेत, हे बहुतेक वेळा याच दुर्लक्षित वस्तूवर अवलंबून असते. म्हणूनच स्कीच्या बुटात पाय, पायमोजा आणि आतला थर यांची सांगड कशी घालावी, याचा येथे क्रमाने विचार केला आहे.

स्कीचा बूट समजून घेताना

सह्याद्रीतील भटकंतीसाठी वापरला जाणारा बूट आणि स्कीचा बूट यांत मूलभूत फरक आहे. भटकंतीचा बूट पायाबरोबर वाकतो. स्कीचा बूट वाकत नाही. १९६० च्या दशकापर्यंत स्कीचे बूट चामड्याचे असत. त्या दशकात अमेरिकेतील बॉब लँग यांनी प्लास्टिकचे बूट बाजारात आणले आणि पुढे सर्वत्र तेच रूढ झाले. आजच्या बुटाचे दोन भाग असतात. बाहेर कडक प्लास्टिकचे कवच आणि त्याच्या आत फोमचा मऊ बूट, ज्याला लायनर म्हणतात. कवच बकलांनी आवळले जाते आणि वरच्या टोकाला नडगीभोवती एक रुंद पट्टा असतो.

हा कडकपणा निरर्थक नाही. स्कीपटूने गुडघे वाकवून नडगीचा भार बुटाच्या पुढच्या भागावर टाकला की तो भार कवचातून थेट स्कीपर्यंत पोहोचतो आणि स्की वळते. पाय बुटात सैल असेल तर नडगी पुढे सरकेपर्यंतचा क्षण वाया जातो. तेवढ्या वेळात उतारावरचा वेग वाढलेला असतो. नवशिक्याचे तोल जाणे, वळण चुकणे, एखाद्यावर आदळणे यांमागे पुष्कळदा सैल बूटच असतो. म्हणजे बुटाचे माप केवळ सोयीचा नव्हे, तर सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

आता मुख्य मुद्दा. कवच ताणले जात नाही, त्यामुळे त्यातील जागा ठरलेली असते. मंजूर अंदाजपत्रकाप्रमाणेच तिचा विनियोग करावा लागतो. एका वस्तूला जास्त जागा दिली की दुसरीची तेवढी कमी होते. पायमोजा जाड केला तर ती जागा लायनरमधील हवेची किंवा खुद्द पायातील रक्तप्रवाहाची असते. ‘अति तेथे माती’ ही म्हण स्कीच्या बुटाला तंतोतंत लागू पडते.

थंडी पायाला कशी लागते

पायमोजा ऊब निर्माण करतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः ऊब शरीर निर्माण करते आणि रक्त ती पायापर्यंत वाहून आणते. पायमोजा आणि लायनर त्या उबेला केवळ धरून ठेवतात व ते कार्य त्यांच्या तंतूंत अडकलेली स्थिर हवा करते. यावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात.

पहिली म्हणजे रक्त पोहोचले पाहिजे. पायाच्या वरच्या उंचवट्यावरून जाणारी रक्तवाहिनी त्वचेच्या अगदी जवळ असते. दोन पायमोज्यांवर बकल घट्ट आवळले की तीच दाबली जाते. बोटे गार पडतात, म्हणून पर्यटक तिसरा पायमोजा चढवितो आणि बोटे अधिकच गार पडतात.

दुसरी म्हणजे हवेला जागा हवी. जाड लोकरी पायमोजा बुटात चेपला गेला की त्यातील हवा निघून जाते आणि त्याची जाडी निरुपयोगी ठरते. बोटे किंचित हलविता येतील एवढी मोकळीक असलेला पातळ पायमोजा म्हणूनच अधिक उबदार ठरतो.

तिसरी म्हणजे ओल नको. पाणी हवेच्या तुलनेत सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. प्लास्टिकच्या कवचातून घामाची वाफ बाहेर पडू शकत नाही. स्कीइंग हा श्रमाचा खेळ असल्याने थंडीतही पायाला घाम येतो. रज्जुमार्गाच्या पाळण्यात किंवा रांगेत शरीर स्थिर झाले की तोच घाम पायातील ऊब शोषू लागतो.

याला आणखी एका गोष्टीची जोड द्यावी लागेल. शरीराच्या मध्यभागाचे तापमान उतरू लागले की हृदय, फुप्फुसे आदी अवयवांच्या रक्षणासाठी हातापायांच्या रक्तवाहिन्या आपोआप आकुंचन पावतात. म्हणजे छाती, पोट आणि डोके गार पडले तर उत्तम पायमोजाही पाय उबदार ठेवू शकत नाही. पायाची काळजी धडापासून सुरू होते ती अशी.

सुती की लोकरी?

महाराष्ट्राच्या उष्ण हवेत सुती वस्त्राइतके सुखद दुसरे काही नाही. सूत घाम टिपते आणि तो हळूहळू वाळताना अंगाला गारवा देते. उन्हाळ्यातील हाच गुण हिमप्रदेशात अवगुण ठरतो. तेथे सुती बनियन आणि सुती पायमोजे भिजतात, लवकर वाळत नाहीत आणि अंगाला चिकटून शरीराची उष्णता घेत राहतात. जीनची विजार हे याचे ठळक उदाहरण. एकदा बर्फाने भिजली की ती दिवसभर वाळत नाही. स्कीच्या पँटखाली ती कधीही घालू नये.

पॉलिएस्टरसारखा कृत्रिम धागा पाणी जवळजवळ शोषतच नाही. त्याच्या विणीतून घाम पृष्ठभागावर पसरतो आणि लवकर उडून जातो. तो स्वस्त व टिकाऊ असतो, मात्र त्याला वास लवकर लागतो. मेरिनो मेंढीची लोकर याहून वेगळी वागते. ती आपल्या वजनाच्या जवळजवळ एकतृतीयांश इतकी बाष्परूपी ओल तंतूच्या आत सामावून घेऊ शकते आणि तरीही त्वचेला ओली वाटत नाही. तिचा तंतू बारीक असल्याने सामान्य लोकरीप्रमाणे तो टोचत नाही. ती महाग पडते आणि जपून धुवावी लागते. स्कीच्या पायमोज्यांत बहुधा लोकर, नायलॉन आणि थोडा ताणला जाणारा धागा यांचे मिश्रण असते. असे मिश्र पायमोजे बहुतेकांना पुरेसे ठरतात.

घरी आजीने किंवा आईने मायेने विणलेले लोकरी पायमोजे हॉटेलच्या खोलीत जरूर वापरावेत. त्यांची ऊब निराळीच असते. बुटात मात्र त्यांच्या जाड टाक्यांचा ठसा काही मिनिटांतच नडगीवर उमटतो.

योग्य पायमोजा कोणता?

स्कीसाठीच्या पायमोज्याची लक्षणे थोडक्यात अशी सांगता येतील. तो पातळ असावा, फार तर मध्यम जाडीचा. नडगीवर आणि टाचेवर थोडी गादी असण्यास हरकत नाही. त्याची उंची गुडघ्याच्या किंचित खालपर्यंत, म्हणजे बुटाच्या वरच्या काठाच्या बरीच वर असावी. आखूड पायमोज्याची कड बुटाच्या आत राहिली तर तीच कड दिवसभर पोटरीला कापत राहते. माप अचूक असावे. मोठ्या पायमोज्याला सुरकुत्या पडतात, तर लहान पायमोजा बोटे आखडून धरतो. बोटांपुढची शिवण सपाट असावी. काही पायमोज्यांवर डाव्या-उजव्या पायाची खूण असते, ती पाळावी. वरच्या कडेचे लवचीक विणकाम पोटरीवर खोल वळ उमटविणारे नसावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एका पायात एकच पायमोजा घालावा. दोन पायमोजे एकमेकांवर घसरतात, त्यांच्यात घड्या पडतात, त्या घड्यांतून फोड येतात आणि रक्तप्रवाहही अडतो. पावसाळी भटकंतीत फोड टाळण्यासाठी दोन पायमोजे घालण्याची अनेकांची सवय असते. ती येथे सोडून द्यावी.

आतला थर बुटात नको

थंडीच्या पोशाखाचे तीन थर मानले जातात. त्वचेला लागून असणारा आणि घाम वाहून नेणारा आतला थर, ऊब धरणारा मधला थर आणि वारा-बर्फ अडविणारा बाहेरचा थर. आतल्या थरास बाजारात सर्रास ‘थर्मल’ म्हटले जाते. तो अंगाबरोबर बसणारा असावा. सैल थर्मल त्वचेपासून दूर राहतो आणि घाम उचलू शकत नाही. वरचा भाग विजारीत खोचता येईल एवढा लांब असावा, म्हणजे पडल्यावर कमरेतून बर्फ आत शिरत नाही. शिवणी सपाट असाव्यात.

नवशिक्याची हमखास होणारी चूक थर्मलच्या विजारीबाबत असते. तिचे पाय घोट्यापर्यंत लांब असतात आणि टोकाला जाड पट्टी असते. पर्यटक ती पट्टी पायमोज्यात खोचतो आणि दोन्ही बुटात घालतो. वरवर पाहता हे नीटनेटके दिसते. परंतु नडगीच्या हाडावर मांस जवळजवळ नसतेच आणि स्की करताना साऱ्या शरीराचा भार त्याच जागेवर येतो. तेथे थर्मलची पट्टी किंवा घडी अडकली की तासाभरात नडगी हुळहुळू लागते. दुसऱ्या दिवशी त्या जागेला बोट लावणेही नकोसे होते.

यावर उपाय सोपा आहे. बुटाच्या आत त्वचेवर केवळ पायमोजा असावा, अन्य काहीही नसावे. थर्मलची विजार पोटरीच्या वरच्या भागापर्यंतच येणारी, म्हणजे तीनचतुर्थांश लांबीची घ्यावी. पूर्ण लांबीची असेल तर ती वर ओढून बुटाच्या काठाच्या वर सपाट बसवावी. गुडघ्यामागे तिचा गोळा होणार नाही, हे पाहावे. तिच्याखाली पायमोजा थेट त्वचेवर वर ओढावा. स्कीच्या पँटच्या आत तळाशी एक लवचीक झालर असते. ती बुटात न खोचता बुटाच्या बाहेरून, बकलांवरून खाली ओढावी. बर्फ आत जाऊ नये म्हणून तिची योजना असते.

भाड्याचा बूट निवडताना

बहुतेक पर्यटक बूट भाड्याने घेतात आणि ते योग्यही आहे. बुटाचे माप पावलाच्या लांबीवरून सेंटिमीटरमध्ये दिलेले असते. २६ सेंटिमीटर लांबीच्या पावलास २६ क्रमांक. म्हणून घरूनच भिंतीला टाच टेकवून, सर्वांत लांब बोटापर्यंतची लांबी मोजून लिहून न्यावी. दोन्ही पाय मोजावेत, कारण ते क्वचितच तंतोतंत सारखे असतात.

शक्य असल्यास दुकानदाराकडून लायनर काढून घेऊन नुसत्या कवचात पाय घालून पाहावा. बोटे पुढे हलकेच टेकविली असता टाचेमागे साधारण दीड ते दोन सेंटिमीटर, म्हणजे अंदाजे दोन बोटांएवढी जागा उरावी. तिच्याहून बरीच जास्त जागा उरली तर बूट मोठा आहे, असे समजावे. नंतर लायनरसह, जो पायमोजा उतारावर घालायचा तोच घालून बूट चढवावा. ताठ उभे राहिले असता बोटे पुढे किंचित लागतील. गुडघे वाकवून नडगी पुढे टेकली की टाच मागे सरकते आणि बोटे मोकळी होतात. हे घडले तर माप बरोबर आहे. ताठ उभे असतानाच बूट ‘घरच्या चपलेसारखा’ मोकळा वाटला तर तो उतारावर हमखास सैल पडतो. दहा-पंधरा मिनिटे तसेच उभे राहावे. एखाद्या ठिकाणी टोचणी वाढत गेली तर संकोच न बाळगता बूट बदलून घ्यावा. मोठा बूट घेऊन जाड पायमोज्याने तो भरून काढण्याचा सल्ला मिळाल्यास तो मानू नये. मुलांच्या बाबतीत पालक नेमके हेच करतात. पुढच्या वर्षीही चालेल म्हणून मोठे माप घेण्याची काटकसर येथे महागात पडते.

बूट चढविण्याची रीत

थंडीत प्लास्टिक कडक होते. त्यामुळे बूट रात्री गाडीत न ठेवता खोलीत ठेवावेत. हॉटेलपासून उतारापर्यंत साध्या बुटांत जावे व तेथे कोरडे, ताजे पायमोजे घालावेत. वाहनातील उबेत घामेजलेले पायमोजे घेऊन स्कीच्या बुटात पाय घालणे म्हणजे दिवसाची सुरुवातच ओलीने करणे होय.

पायमोजा नीट ओढून टाच टाचेच्या जागी आणावी, सुरकुत्या हाताने काढाव्यात. लायनरची जीभ पुढे ओढून, दोन्ही बाजू फाकवून पाय आत सरकवावा. टाच जमिनीवर हलकेच आपटून मागे बसवावी. सर्व बकले सैल लावावीत. मग गुडघे पुढे वाकवून प्रथम घोट्याजवळचे बकल आवळावे, त्यानंतर वरचे. चवड्यावरची बकले केवळ सैलपणा जाईल इतकीच लावावीत, कारण तेथे आवळल्याने नियंत्रण वाढत नाही, बोटे मात्र बधिर होतात. शेवटी नडगीचा पट्टा बांधावा. विश्रांतीच्या वेळी आणि रज्जुमार्गाच्या रांगेत वरची बकले सैल करून बोटे हलवीत राहावे.

संध्याकाळी लायनर बाहेर काढून कोरड्या खोलीत वाळू द्यावा. बुखारीला टेकवून ठेवल्यास त्याचा फोम बिघडतो. पायमोजे उलटे करून कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवावेत. कपडे मऊ करणारी द्रावणे वापरू नयेत. धाग्यांवर त्यांचा लेप बसतो व घाम वाहून नेण्याचा गुण कमी होतो. किमान दोन जोड जवळ असावेत, म्हणजे एक वाळेपर्यंत दुसरा वापरता येतो.

बधिरपणा हा इशारा

उंची वाढते तशी थंडी वाढते. दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. या हिशेबाने गुलमर्गच्या पठारापेक्षा रज्जुमार्गाच्या वरच्या टोकाशी हवा आठ-साडेआठ अंशांनी अधिक थंड असू शकते. त्यात वाऱ्याची भर पडते. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांच्या ‘चिल्लई कलान’ या कडाक्याच्या काळात तर विशेष दक्षता हवी.

थंडीने बोटे प्रथम दुखतात, मग बधिर होतात. वेदना थांबली म्हणजे पाय सुधारला, असा अर्थ घेणे धोक्याचे आहे. तेव्हा ताबडतोब थांबावे, बकले सैल करावीत आणि उबेच्या जागी जाऊन पायमोजा काढून बोटे पाहावीत. बोटे पांढुरकी, मेणासारखी व कडक दिसली तर हिमदंशाची शंका घेऊन वैद्यकीय मदत मिळवावी. अशी बोटे चोळू नयेत, त्यांना बर्फ लावू नये आणि कांगडी किंवा बुखारीजवळही धरू नयेत. बधिर त्वचेला चटका कळत नाही आणि हिमदंशावर भाजल्याची जखम होते. पुन्हा गोठण्याचा संभव नसेल तरच ३७ ते ३९ अंश सेल्सिअस कोमट पाण्यात पाय ठेवावेत.

मधुमेही व्यक्तींनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. दीर्घकालीन मधुमेहात पावलांची संवेदना मंदावते आणि बूट चावत असल्याचे किंवा बोटे गोठत असल्याचे त्यांना वेळीच कळत नाही. तंबाखू व धूम्रपानाने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, हेही ध्यानात ठेवावे.

खर्चाचा क्रम

या सर्व विवेचनाचा खर्चाच्या दृष्टीने विचार केल्यास एक साधे तत्त्व हाती लागते. जे त्वचेला लागते ते स्वतःचे आणि चांगल्या प्रतीचे असावे. जे बाहेर दिसते ते भाड्याने घेता येते. बूट, स्की, काठ्या, जाकीट, पँट या वस्तू तेथे भाड्याने मिळतात. पायमोजे आणि थर्मल मात्र घरूनच न्यावेत. दोन जोड उत्तम पायमोजे आणि एक-दोन संच थर्मल यांचा खर्च एकूण प्रवासखर्चाच्या मानाने किरकोळ असतो, पण साऱ्या प्रवासाचा आनंद त्यावर तोललेला असतो. प्रवासविमा काढतानाही थोडे थांबून अटी वाचाव्यात. अनेक विमापत्रांत साहसी खेळांतील इजा वगळलेली असते.

निघण्यापूर्वी घरीच एकदा पायमोजे व थर्मल घालून तासभर वावरून पाहावे. टोचणारी शिवण, घट्ट कड, कमी पडणारी लांबी घरीच लक्षात येते आणि दुकान जवळ असते. अफरवातच्या उतारावर ती लक्षात आली, तर बदलायला दुसरा जोड तेवढा हाताशी असावा लागतो.